शेवट बदललेली कादंबरी

"सर, तुमचं पुस्तक चुकीचं छापलंय," असं म्हणत एक मावशी आठवीतल्या लेकीला घेऊन आल्या. हातात 'पाचोळा', काटगावच्या रा. रं. बोराडे यांची १९७१ची कादंबरी.

आमचं ग्रंथालय ड वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं, बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात. अशी तक्रार आली की मी आधी शिलाई बघतो, फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, ओळीनं लागलेत का पाहतो, मग शेवटपर्यंत पृष्ठांक तपासतो. बाइंडर घाईत फर्मा मागंपुढं लावून टाकतात, आणि बोलणी आम्ही खातो. इथं मात्र सगळं जागच्या जागी होतं.

लेकीशी बोलल्यावर उलगडा झाला. दहावी शिकलेली एक ऊसतोड ताई दसऱ्यानंतर हे पुस्तक कारखान्यावर घेऊन गेली होती, पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, परत आणलं. आमच्याकडं मुदत पंधरा दिवसांची. ती पगारदार वाचक डोळ्यांपुढं ठेवून ठरवलेली, त्यामुळं रजिस्टरात ताई थकबाकीदार दिसते आणि तपासणीला आलेले साहेब नेमकं तिथंच बोट ठेवतात. बिऱ्हाडात भांड्याकुंड्यांसोबत पुस्तक बांधून नेणारी वाचक त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. याचा मला राग येतो.

तळावर ती कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायची. शिंप्याची बायको आपल्या घराची होरपळ आपल्या बोलीत सांगते, अशी ही कादंबरी. बायका त्या शिंप्याला तोंडावर बोलावं तशा शिव्या घालायच्या. शेवट जवळ आला तसं ताईनं पान उलटलं, पण वाचलं मनचंच: मशीन पुन्हा सुरू झालं, घर सावरलं. मावशी त्याच तळावर होत्या. गावी आल्यावर लेकीकडून वाचून घेतलं, तर निघालं भलतंच.

ताईला निरोप धाडला. ती आली आणि सरळच म्हणाली, "सर, सगळ्याच जणी उचल अंगावर घेऊन आलेल्या. मध्यान्रातीला गाडी भराया उठायचं. तसलं ऐकवून कसं निजवू?"

मावशी उसळल्या. "आमाला सोसत न्हाई व्हय गं? रोजचंच हाय की!" त्यांनी लेकीला शेवटची पानं तिथंच पुन्हा वाचायला लावली. ताईही बाकावर बसून राहिली.

लेखकानं लिहिलंय तेच वाचकाच्या हाती पडावं, याच मताचा मी. बोराड्यांनी तो शेवट उगाच लिहिलेला नाही, आणि मावशींचा संताप मला पूर्ण पटतो. तरी ताईला चूक म्हणायला जीभ रेटत नाही. तिच्या जागी त्या कोपीत मी काय वाचलं असतं, हे अजून ठरत नाही.

ऊसतोड वाचकांना हंगामभर पुस्तक द्यावं, असा ठराव कार्यकारिणीपुढं ठेवलाय. मावशींनी बजावून ठेवलंय, "औंदा तिला सांगा, हाय तसं वाच." ताई परवा येऊन गेली. तीन कादंबऱ्यांची शेवटची पानं कपाटापाशी उभ्यानंच वाचली, आणि एकही नेली नाही.