मारुतीच्या कमरेला

बुधवार. रात्रीचे पावणेबारा.

पाऊस आत्ता कुठे थांबलाय. हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांवर न वाळणारे कपडे, पंखा पाचवर, आणि तो श्रावणातला कुबट वास. उद्या शाळा आहे असा मेसेज आलाय, म्हणजे डबा आहे, म्हणजे मी आत्ता झोपलेली असायला हवं. पण सकाळपासून एक गोष्ट घशात अडकून बसलीये.

तसं झालं काहीच नाही.

शाळेला आज सलग दुसरी सुट्टी. ऑरेंज अलर्ट. मेसेज आला तेव्हा थोरलीच्या दोन्ही वेण्या घालून झाल्या होत्या आणि भेंडी डब्यात भरून झाली होती. त्याची ह्या आठवड्यात नाइट, त्यामुळे तो सकाळी येऊन बेडरूमचं दार लावून झोपलेला. मग दिवसभर माझं एकच पालुपद, हळू, बाबा झोपलेत. टीव्ही हळू. भांडण हळू. हसणंसुद्धा हळू. टू बीएचकेमध्ये दोन मुलं, एक झोपलेला माणूस आणि बाहेर धो धो पाऊस. आमच्या पाथर्डी फाट्यावरच्या निम्म्या घरांतून हेच चाललेलं असणार, माझं काही वेगळं नाही. पण निम्म्या घरांतून चाललंय म्हणून आपलं हलकं होतं असंही नाही.

अकराच्या सुमारास मी ओट्याशी होते. कुकर लावलेला, एका कानात इयरफोन, त्यात ऑफिसचा कॉल, माइक बंद. तेवढ्यात हॉलमधून थोरलीचा अगदी दबका आवाज आला. "ए, कमरेला लागलंय. जेसीबी आत घे."

पावसाळ्यात नाशिकच्या माणसाला 'कमरेला लागलंय' म्हटलं की दुसरं काय सुचणार? मला वाटलं, गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी वाढलं. क्युसेक वगैरे आपल्या मोबाईलवर येतात, गंगापूर धरणातून इतके सोडले, होळकर पुलाखालून इतके चाललेत, आपण ते पुढे चार ग्रुपांवर ढकलतो. आप्पांना क्युसेकमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. ते फोन उचलला की विचारतात, "दुतोंड्याला कुठवर आलंय?" दुतोंड्या म्हणजे नदीपात्रातला दोन तोंडांचा मारुती, पुराची आमची मोजपट्टी. पाऊल, गुडघा, कंबर, छाती, गळा. कंबर म्हटलं की भांडी बाजारातली माणसं खालच्या फळीवरचा माल वर चढवायला घेतात, गाडगे महाराज पुलाशी बघ्यांची गर्दी होते, आणि आज तर बुधवार, बाजार उठला असणार, भाजी कुठून आणायची, एवढं सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं.

मी इयरफोन काढून विचारलं, "कोणी सांगितलं गं? आप्पांचा फोन आला होता का?"

उत्तर नाही.

वाकून पाहिलं तर दोघं एकमेकांकडे बघत बसलेले. थोरली त्याला डोळ्यांनी दटावत होती. पण आमच्या धाकट्याच्या पोटात काय राहतंय! जेसीबी छातीशी धरून तो म्हणाला, "मारुतीच्या नाही. तुझ्या."

मी हसले. म्हणजे हसल्यासारखं केलं. कुकरची शिट्टी झाली म्हणून आत वळले आणि कणीक मळायला घेतली, ती नंतर इतकी सैल झाली की पोळ्या नकाशासारख्या लाटल्या गेल्या.

मला एक गोष्ट इथे नीट लिहून ठेवायचीये. तोपर्यंत मी ओरडले नव्हते. एकदाही नाही. 'हळू' म्हणत होते, पण ते हळूच म्हणत होते. मग ह्यांना कळलं कशावरून?

गेल्या महिन्यात आप्पा दोघांना घेऊन पूर बघायला गेले होते. येताना भिजून, पापड-चिवडा खाऊन, प्रचंड ज्ञान घेऊन आले. मारुतीला दोन तोंडं का, घाटावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं म्हणजे काय, सगळं. चार दिवस घरात तोच खेळ. बादलीत प्लास्टिकचा हल्क उभा करून त्याच्या गुडघ्यापर्यंत पाणी, कमरेपर्यंत पाणी. मी म्हटलं बरंय, मोबाईल मागत नाहीयेत. खेळ बादलीतून कधी बाहेर पडला आणि त्या हल्कच्या जागी मी कधी उभी राहिले, ते मला कोणी सांगितलं नाही.

दिवसभर तेवढंच. ह्यांना माझी भीती वाटते का? भाकरीसारखा हा प्रश्न उलटा केला, सुलटा केला, दोन्हीकडून करपला. घाबरणारी मुलं पाठीवर चढून बसत नाहीत, माझ्या ताटातला पापड पळवत नाहीत. म्हणजे नसेल वाटत. पण मग 'आत घे' का म्हणाली ती? भांडी बाजारवाल्यांसारखा माल का हलवला?

मी ठरवलं, आज चढूच द्यायचं नाही.

दुपारी एकला धाकट्याने रव्याचा डबा डंपरमध्ये रिकामा केला. अख्खा. वर 'खडी आली, खडी आली' म्हणत ती ओल्या टॉवेलवर उलटली. मी श्वास घेतला. आत, बाहेर, जसं रीलमध्ये सांगतात तसं. खाली बसले, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला, आणि माझ्या मते अतिशय शांत, अतिशय गोड आवाजात म्हणाले, "हे बघ बाळा..."

मागून थोरली पुटपुटली, "छाती." आणि त्याचा हात धरून त्याला थेट बाल्कनीत घेऊन गेली. पावसात!

म्हणजे ओरडावं तरी पंचाईत आणि गोड बोलावं तरी पंचाईत. मला खरंच रडू आलं. टॉवेलवरचा रवा झाडताना मनात सगळी यादी सुरू झाली, नेहमीची. सकाळी साडेपाचपासून कोण उठलंय. मागच्या वेळचं ते प्रमोशन कोणी सोडलं. ताप आला की रजा कोणाची जाते. मला कधी कोणी विचारलंय का, की बाई तुझं काय? तेवढ्यात ऑफिसचा फोन. "हो सर, झालंच, पाच मिनिटांत पाठवते सर." हा आवाज इतका मंजुळ की माझा मलाच परका वाटला. बाल्कनीच्या काचेपलीकडून दोघं बघत होते. दुतोंड्या कोणाला म्हणतात ते आप्पांनी त्यांना घाटावर नेऊन दाखवायची खरं तर काही गरज नव्हती.

चारला तो उठला. चहा घेताना म्हणाला, "आज घर एकदम शांत होतं नाही?"

ह्या माणसाला घंटा बुडाली तरी कळायचं नाही. असो.

संध्याकाळी तो ड्युटीला निघाल्यावर मी मटार सोलायला घेतले आणि थोरलीला जवळ बसवलं. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्हाला कसं कळतं गं, कुठवर आलंय ते?"

"तसं दिसतंच," ती म्हणाली. एक दाणा तोंडात, एक भांड्यात.

"पण काय दिसतं?"

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी पाणी कुठवर आणलेलं नाहीये हे आधी नीट तपासलं असावं. मग सांगायला लागली, शाळेत पाढे म्हणतात त्या सुरात. मी गुणगुणायची थांबले की पाऊल. केस वर बांधून त्यात पेन खोचलं की गुडघा. भांडं ठेवताना दोनदा आवाज आला की कंबर.

"दोनदा म्हणजे?"

"एकदा ठेवतेस तेव्हा. मग परत जरा उचलून ठेवतेस."

'बाळा' म्हटलं की छाती. पूर्ण नाव, आडनावासकट, म्हणजे गळा.

मी गुणगुणते? मला माहीतच नाही. काय गुणगुणते विचारलं, तर म्हणाली, "काहीच नाही. नुसतं हूं हूं." पस्तिशी उलटली, लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढ्या काळात मला हे कोणीही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याने नाही, आईने नाही.

आईच्या बांगड्या आठवल्या. ती बांगड्या कोपराकडे सारायची. हातात काम असो नसो, बांगड्या वर गेल्या की मी आणि दादा गच्चीवर. आम्ही त्याला नाव दिलं नव्हतं एवढंच. आई पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत, सासू, दोन दीर, नळाला पाणी सकाळी तासभर. आम्ही गच्चीवर गेलोय ते तिला कळायचं का? कळत असणार. पतंगाच्या निमित्ताने गेलो असं आम्हाला वाटायचं. तिला काय वाटायचं ते विचारायला आता... जाऊ दे. 2008 च्या त्या सप्टेंबरातल्या पुरात मारुती दिसेनासा झाला होता, पुलाकडे पोलीस कोणाला जाऊ देत नव्हते, आणि आई आमच्या दाराच्या पायरीवर बसून पाण्याकडे इतकी निवांत बघत होती की मी तिला तसं आधी कधी पाहिलेलंच नव्हतं. बांगड्या मनगटावर. गावच बुडालं म्हटल्यावर त्या दिवशी तिच्याकडे कोणी जेवण मागितलं नसावं.

"आणि घंटा?" मी विचारलं. "घंटेला लागलं की काय होतं?"

थोरली एकदम मटारांत गढून गेली. उत्तर धाकट्याने दिलं, टेबलाखालून. "घंटा म्हणजे तू बाथरूममध्ये जातेस आणि नळ सोडतेस."

मी आधी काही बोललेच नाही. मला वाटायचं नळाच्या आवाजात बाहेर काही ऐकू येत नाही. मला वाटायचं... मला आजवर वाटायचं की निदान ती पाच मिनिटं माझी आहेत.

"मग तुम्ही काय करता?"

"काही नाही. थांबतो. मग पाणी ओसरतं."

मटार सोलून झाले. ती उठून गेली. टरफलांत तिने बरेच दाणे टाकलेले निघाले, ते वेचत बसले.

दुपारी मी स्वतःची एक समजूत काढली होती, ती आता लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते. म्हटलं, मारुती काय करतो? तो नुसता उभा असतो. पाणी त्याचं नसतं, वरून सोडलेलं असतं. ऑफिसने सोडलं, शाळेने सोडलं, त्याच्या नाइटने सोडलं, मी बिचारी शेंदूर फासून पात्रात उभी. किती छान वाटलं होतं हे सुचल्यावर! पण भांडं दुसऱ्यांदा उचलून कोण ठेवतं? ते काही कोणी वरून सोडत नाही. धरण माझं, दरवाजे माझे, आणि काठावरच्या गावाला आधी भोंगा वाजवून सांगायची पद्धत असते, तेवढीही मी पाळत नाही. म्हणून तर त्यांनी स्वतःची खूण शोधून ठेवली.

आणि तरीही राग येतोय. मोजतात म्हणजे काय! दोन फुटांची माणसं, माझ्यावर पाणीपट्टी लावून बसलीयेत.

हे एवढं लिहून मी उठले, गॅस बंद आहे ना बघायला. स्वयंपाकघराचं दार लोटलं तर दारामागे, जिथे मी केर काढतानाच वाकते आणि तेही घाईत, स्केचपेनने चित्र. उंची थोरलीच्या खांद्याएवढी. दोन तोंडांचा मारुती. गदा आहे, शेपूट आहे, आणि अंगात गाऊन आहे. माझा, तो निळ्या फुलांचा. डोक्यावर अंबाडा, त्यात आरपार पेन. पावलापासून गळ्यापर्यंत आडव्या रेघा, प्रत्येकीपुढे तिच्या अक्षरात नाव. 'घुडगा' चुकीचा लिहिलाय. सगळ्यात वर घंटा, ती धाकट्याने काढली असणार, कारण ती वांग्यासारखी दिसते. रेघांपाशी बारीक टिंबं आहेत, मोजलेली. कंबरेला सगळ्यात जास्त. पावलापाशीसुद्धा बरीच आहेत, माझ्या अंदाजापेक्षा खूपच. घंटेला तीन.

तीनच? मला वाटलं होतं जास्त असतील.

एक तोंड दात विचकलेलं. दुसरं नुसतं तोंड उघडलेलं, ओठांचा गोल, आणि त्यातून बाहेर येणारी वळणावळणाची रेघ. आधी वाटलं ओरडतंय. टॉर्च लावून पाहिलं तर रेघेपुढे लिहिलंय, 'हूं हूं'.

मी तिथे फरशीवर बसून एकटीच इतकी हसले की तोंडावर पदर, म्हणजे ओढणी, म्हणजे शेवटी हात दाबावा लागला. मारुतीला गाऊन! आप्पांना फोटो पाठवायचा मोह झाला. पाठवला नाही. ते लगेच ग्रुपवर टाकतील आणि मोठ्या वहिनी त्यावर नमस्काराचे हात पाठवतील.

पुसायचं का? घर भाड्याचं आहे, ऑइलपेंट आहे, ओल्या फडक्याने निघेल. फडकं हातात घेतलं आणि खालचा केर तेवढा पुसून आले.

आत्ता हे लिहीत असतानाच धाकटा उठून आला. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी, चड्डी एका बाजूला घसरलेली, टेबलाशी येऊन उभा. "आई, पाणी."

मी पेन ठेवलं. विचारलं, "कुठवर आलंय रे?"

त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "प्यायला," म्हणाला.