कुठला तारा?

"हसवायचा धंदा तुमचा, तुम्हाला ताऱ्यांचं काय पडलंय?" मुलाखत असो की प्रयोगानंतरच्या गप्पा, हे येतंच. वर कुणीतरी ब्रायन मे यांचं उदाहरण देतं. गिटार वाजवणाऱ्या माणसाने २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएचडी घेतली, तसंच का तुमचं? नाही हो. त्यांनी ग्रहांमधल्या धुळीवर प्रबंध लिहिला, मी गणितात काठावर पास व्हायचो.

पण सोंग नाही हे. लहानपणी दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली आणि मी खो खो हसलो. इतकी चित्रासारखी, की नळीत कुणीतरी चिकटवलीय असंच वाटलं. तेव्हापासून वाचतो, बघतो. विनोदी नटाने वर बघायला परवाना काढायचा असतो का?

बरं. सोंग नाही म्हणालो, तेही पुरतं खरं नाही.

बाबा गेले त्या वर्षी मी एकपात्रीच्या शेवटी एक वाक्य घातलं. दिवे मंद व्हायचे, मी पुढे यायचो. "वर दिसतात त्यातले निम्मे तारे केव्हाच मेलेत. आपल्यापर्यंत नुसता उजेड येतोय." जरा थांबायचो. "माझे बाबाही." काळोख. कुठूनतरी हुंदका यायचाच. अकरा वर्षं मी ते वाक्य विकलं.

मग एका प्रयोगानंतर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी रंगपटात आली. सही नको होती तिला.

"काका, मेलेले म्हणजे कुठले? एक सांगा ना."

"अगं, पुष्कळ आहेत."

"एकच."

एकही नाव सांगता येईना. शेवटी तिनेच समजावलं, मला लागू नये अशा बेताने. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे जवळजवळ सगळे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले, म्हणजे त्यांचा उजेड फार तर काही हजार वर्षं जुना. तारा जगतो लाखो, कोट्यवधी वर्षं, सूर्यासारखा तर हजार कोटी. मग तेवढ्या अवधीत निम्मे मरतील कसे? "बहुतेक सगळे जिवंतच असणार, काका." आई तिला ओढत होती, त्यांना कपडे बदलायचेत म्हणून. माझा एक गाल पुसलेला, एकावर रंग तसाच. "हो गं, बरोबर आहे तुझं," म्हणालो आणि ती गेल्यावर कडी लावून घेतली.

चुकलो याची लाज नव्हती. चुकतो मी, नेहमी. पण हे दोन्ही आकडे मला शाळेपासून ठाऊक होते! ते शेजारी-शेजारी मांडले नाहीत एवढंच. मांडले असते तर तो हुंदका गेला असता.

तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. नाटक आहे ते, प्रबंध नव्हे. लोक बाबांसाठी रडायचे, ताऱ्यांसाठी नाही. मुद्दा खोडता येत नाही मला. पण मग तारे कशाला वापरलेस, या प्रश्नावर तो गप्प बसतो.

२०१९ च्या अखेरीस मृगातला तांबडा काक्षी तारा (बीटलज्यूज) मंदावू लागला, तेव्हा मी रोज रात्री गच्चीवर. फुटेल, निदान एक तरी नाव हाती लागेल! त्याने स्वतःच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती म्हणे. काही महिन्यांत तो पूर्ववत झाला. कुणाच्या मरणाची इतकी वाट मी कधी पाहिली नव्हती.

वाक्य बदललं. मुलगी भेटली तेव्हा बाबांना अकरा वर्षं झाली होती. श्रवण तारा १७ प्रकाशवर्षांवर. म्हणून मी म्हणू लागलो, "आज श्रवणाचा जो उजेड दिसतोय, तो तिथून निघाला तेव्हा बाबा होते." खरं आहे. पण हुंदका येत नाही, एखादा खोकतो. जुनंच बरं होतं, असं मॅनेजर अजून म्हणतो, आणि काही रात्री मलाही पटतं.

शिवाय हे वाक्य शिळं होतं. गेल्या वर्षी बाबांना सतरा वर्षं झाली, श्रवण संपला. सध्या अभिजित चालू आहे, २५ वाला. तो सात वर्षं पुरेल. पुढे स्वाती, ३७.