बिग बेंड, बोकियास, मार्फा: स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांसोबतची ट्रिप आणि पुढे जाणाऱ्यांसाठी माहिती

टेक्सासमधल्या मराठी लोकांना मेक्सिकोच्या सीमेवरचं बिग बेंड नॅशनल पार्क काही नवीन नाही, थँक्सगिव्हिंगला निम्मं मंडळ तिकडेच असतं. पण यावेळी आम्ही शेजारच्या मेक्सिकन कुटुंबासोबत गेलो. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. आजींचं लहानपण रिओ ग्रांदे नदीपलीकडच्या, मेक्सिकोतल्या कोआविला राज्यात गेलं, इंग्लिश त्यांना जेमतेम येतं, आणि इतकी वर्षं टेक्सासमध्ये राहून त्यांनी एकही नॅशनल पार्क पाहिलं नव्हतं. त्यांच्यासोबत गेल्यावर जे लक्षात आलं ते लिहितोय, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे शेजारी, सहकारी, मुलांच्या वर्गातले पालक स्पॅनिश बोलणारे असणार, आणि त्यांना घेऊन जायचं तर तयारी थोडी वेगळी करावी लागते.

सुरुवात सॅन अँटोनियोतल्या मिशन्सपासून, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या जुन्या वसाहतींपासून केली. हे पण नॅशनल पार्कच्या खात्याकडेच आहे (१९७८ पासून, आणि २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं), तिकीट नाही, शहरात आहे, आणि कन्सेप्शन, सॅन होसे, सॅन हुआन, एस्पादा या चारही ठिकाणची चर्चेस आजही चालू आहेत. रविवारी सॅन होसेला गेलात तर मारियाची (मेक्सिकन लोकसंगीत) वाजवत प्रार्थना होते, अख्खी कुटुंबं नटूनथटून येतात. तिथे कुणाचं वेगळं स्वागत करावं लागत नाही, लोक आपल्याच अंगणात आल्यासारखे वावरतात. एस्पादाचा पाण्याचा पाट अजून वाहतोय, तो जरूर बघा, अठराव्या शतकातलं काम आहे आणि ते इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या हातचं आहे.

तिथून बिग बेंड साधारण साडेसहाशे किलोमीटर, आणि फरक इथेच सुरू होतो. टेक्सासमध्ये लॅटिनो लोक जवळपास चाळीस टक्के आहेत, पार्कची दक्षिण हद्द म्हणजे थेट मेक्सिकोची सीमा, डोंगरांची, ओढ्यांची, गावांची नावं निम्मी स्पॅनिश, आणि तरी कॅम्पग्राउंडवर स्पॅनिश फार कमी कानावर पडलं. का, ते मी शेजाऱ्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, बुकिंग सहा महिने आधी करायचं असतं हेच आम्हाला माहीत नसतं, आमच्यात कुणी एकटं-दुकटं जात नाही, बहीण-भाऊ-काका-मामा धरून वीस जण होतात, आणि तिथे एका साइटवर आठच माणसं चालतात. आणि तिसरं कारण त्यांनी जरा थांबून सांगितलं, ते म्हणजे रस्त्यातला चेकपोस्ट.

हा चेकपोस्ट नीट समजून घ्या. बिग बेंडहून उत्तरेला परत येताना, अल्पाइनकडे आलात तरी आणि मॅरेथॉन गावाकडे आलात तरी, बॉर्डर पेट्रोल गाडी थांबवून नागरिकत्वाचं विचारतं. आपण व्हिसावर असलो तर पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) जवळ ठेवायचे, विषय संपला. पण ज्या घरात एखाद्या माणसाचे कागद अपुरे असतात त्या घरासाठी हे पार्कच बंद आहे, कितीही छान पाट्या लावा. म्हणून कुणाला "चला हो, काही होत नाही" असा आग्रह करू नका. वाटेत असा चेकपोस्ट आहे एवढं आधी सांगायचं, त्यांना कसलं कारण विचारायचं नाही, आणि ते नको म्हणाले तर सॅन अँटोनियोच्या मिशन्सना जायचं ठरवायचं, तिथे जायला असली तपासणी नाही. मुलांना हेही सांगून ठेवा की राखाडी शर्ट आणि गोल कडेची चपटी हॅट म्हणजे पार्क रेंजर, आणि पूर्ण हिरवा गणवेश म्हणजे बॉर्डर पेट्रोल. आमच्यासोबतचा धाकटा मुलगा पहिल्यांदा रेंजरला बघून आईच्या मागे लपला होता, सगळे कागद असताना. घरात मोठ्यांच्या बोलण्यातून पोरांच्या मनात काय काय बसतं बघा.

पँथर जंक्शनच्या व्हिजिटर सेंटरला मात्र जे झालं त्यासाठी अख्खी ट्रिप वसूल. काउंटरवरची तरुण रेंजर मुलगी आजींना बघून स्पॅनिशमध्ये बोलायला लागली, आधी ट्रेलची माहिती, उन्हाची काळजी वगैरे, आणि मग तिनेच विचारलं तुम्ही मूळच्या कुठल्या. आजी म्हणाल्या माझे वडील कांदेलियाचं मेण काढायचे. कांदेलिया म्हणजे या वाळवंटातली काड्या-काड्यांची वनस्पती, ती पाण्यात थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून उकळतात आणि वर मेणाचा फेस येतो, तो काढून घेतात. च्युइंगगम, पॉलिश, लिपस्टिक असल्या गोष्टींत ते मेण जातं आणि एकेकाळी नदीच्या दोन्ही काठांवर हाच धंदा होता, पार्कातही जुन्या भट्ट्यांच्या खुणा आहेत. आजींनी हातवारे करून सगळं सांगितलं, कढई केवढी, फेस कसा ओढायचा, गाढवावर किती ओझं लादायचं, आणि ती रेंजर प्रश्न विचारत ऐकत राहिली, तिच्या मागे उभी असलेली चार माणसं पण ऐकायला लागली. तोपर्यंत आजी गाडीतून उतरायला पण नको म्हणत होत्या, त्यानंतर सगळ्यात पुढे त्याच!

मला वाटतं स्वागत म्हणजे खरं तर हे आहे. पाटीचं भाषांतर हवंच, त्याबद्दल वाद नाही, पण आलेल्या माणसाला या जागेबद्दल काहीतरी माहीत असू शकतं, आपल्यापेक्षा जास्त, असं धरून चालणारं कुणीतरी समोर हवं. त्यासाठी आसपासच्या गावांतली, त्याच घरांतली मुलं-मुली रेंजर म्हणून नोकरीला लागली पाहिजेत, नुसत्या हंगामी नाही तर कायमच्या नोकऱ्या. एक स्पॅनिश येणारी रेंजर सुट्टीवर गेली की सगळं बंद, असं चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी कास्तोलोनला, पार्कातल्या नदीकाठच्या जुन्या वस्तीला गेलो, रॉस मॅक्सवेल रस्त्याने, पूर्ण डांबरी आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर ट्रेलच्या मागे न लागता इथे वेळ द्या. अल्विनो हाउस हे पार्कातल्या सगळ्यात जुन्या मातीच्या घरांपैकी एक, आणि इथल्या दुकानावर दोन्ही देशांतली माणसं सामान घ्यायला यायची, नदी मध्ये असूनही. नदीकाठी कापसाची शेती व्हायची आणि त्यात राबणारी बरीचशी कुटुंबं मेक्सिकन. २०१९ च्या मे महिन्यात लागलेल्या आगीत त्या दुकानाची इमारत जळाली, आता भिंतींचे अवशेष दिसतात. जुन्या मॅव्हरिक रस्त्यावर लूनाचं खाकाल आहे, म्हणजे दगड, माती, काड्यांचं बुटकं घर. हिलबेर्तो लूना नावाचा शेतकरी इथे राहिला, ओढ्याच्या पुराच्या पाण्यावर शेती केली, मोठं कुटुंब वाढवलं आणि १९४७ मध्ये वारला, तेव्हा तो १०८ वर्षांचा होता असं सांगतात. हा रस्ता कच्चा आहे, पाऊस झाला असेल तर जाऊच नका, आणि उंच गाडी असेल तर बरं. मुलांना तिथे उभं करून सांगितलं की पार्क १९४४ साली झालं, त्याच्या आधीपासून हा माणूस इथे होता. मोठ्या मुलाने विचारलं मग हे त्याचंच पार्क ना? यावर आम्ही कुणी काही बोललो नाही, पण प्रश्न बरोबर आहे.

बोकियासला, म्हणजे नदीपलीकडच्या मेक्सिकोतल्या गावाला जाणार असाल तर नीट वाचा. रिओ ग्रांदे व्हिलेजजवळ अधिकृत क्रॉसिंग आहे, रोज चालू नसतं, हंगामाप्रमाणे वार बदलतात, म्हणून निघायच्या आधी पार्कच्या साइटवर वेळ बघाच. आमच्या वेळी होडीचे जाऊन-येऊन माणशी पाच डॉलर होते, छोट्या नोटा सोबत ठेवा. पलीकडून गाव साधारण एक किलोमीटर, चालत, गाढवावर किंवा ट्रकने. परत येताना मशीनवर पासपोर्ट स्कॅन करायचा आणि फोनवरून लांबच्या ऑफिसातल्या अधिकाऱ्याशी बोलायचं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्हिसाचा शिक्का चालू आहे का ते आधी तपासा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा, नदी ओलांडणं म्हणजे खरोखरच देश सोडणं आहे. आणि ट्रेलच्या कडेला दगडावर मांडलेल्या तारांच्या, मण्यांच्या वस्तू अमेरिकेच्या बाजूला विकत घेणं बेकायदा आहे, त्या जप्त होऊ शकतात. त्याच वस्तू पलीकडे गावात जाऊन घ्या, पैसे पण थेट त्या बनवणाऱ्या बायकांच्या हातात जातात.

या गावाचं सगळं पार्कात येणाऱ्या लोकांवर चालतं. २००२ च्या मे मध्ये क्रॉसिंग अचानक बंद केलं ते २०१३ च्या एप्रिलमध्ये उघडलं, मधली अकरा वर्षं उत्पन्नच नाही, कितीतरी घरं गाव सोडून गेली, कारण मेक्सिकोतलं जवळचं मोठं गावसुद्धा काही तास लांब आहे. कोव्हिडमध्ये पुन्हा तेच. आजी तिथल्या एका खानावळीत बसून त्यांच्याच वयाच्या बाईशी इतका वेळ बोलत होत्या की परतीची शेवटची वेळ गाठायला आम्हाला घाई करावी लागली. वेळेचं भान ठेवा, क्रॉसिंग बंद झालं की त्या दिवशी परत येता येत नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात पण गंभीरपणे. मे-जूनमध्ये नदीकाठी ३८ अंश म्हणजे नेहमीचं, त्याच्या वर सहज जातं. माणशी दिवसाला चार लिटर पाणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकची गर्दी असते. सोबतच्या माणसांना इंग्लिश येत नसेल तर धोक्याच्या पाट्या त्यांना वाचून समजावा, प्रत्येक ट्रेलच्या तोंडाशी. नुसती मान हलवतात म्हणून समजलं असं धरू नका.

परतताना मार्फा, पश्चिम टेक्सासमधलं छोटं गाव. लोक इथे कलादालनं बघायला येतात, आम्ही ब्लॅकवेल शाळेसाठी आलो. १९०९ ची मातीच्या विटांची शाळा, १९६५ पर्यंत मेक्सिकन मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळं बसवायची जागा. स्पॅनिश बोललं की लाकडी फळीचे फटके. १९५४ मध्ये तर मुलांना चिठ्ठ्या लिहायला लावल्या, त्या खोक्यात घातल्या आणि शाळेच्या आवारात पुरल्या, स्पॅनिश भाषेचा अंत्यविधी म्हणून. त्याच मुलांनी म्हातारपणी ही इमारत वाचवली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कायदा झाला आणि २०२४ मध्ये ती रीतसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्या स्मारकानंतर अलीकडच्या लॅटिनो इतिहासाचं हे दुसरंच स्थळ. मराठी बोलला म्हणून दंड भरलेली माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतील, त्यामुळे तिथे उभं राहताना मला दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकतोय असं वाटलंच नाही. आजींनी भिंतीवरच्या वर्गाच्या फोटोंतला एकेक चेहरा बघितला. शाळा रोज उघडी नसते, आधी तपासून मगच वाट वाकडी करा.

एक गोष्ट काळजीची आहे. इंग्लिश कमी येणाऱ्यांना सरकारी सेवा मिळाव्यात म्हणून २००० साली निघालेला आदेश २०२५ च्या मार्चमध्ये रद्द झाला आणि इंग्लिश अधिकृत भाषा ठरली. या देशात चार कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात. आता स्पॅनिश माहितीपत्रक किंवा रेंजरची फेरी ठेवायची की नाही, हे बरंचसं त्या त्या पार्कवर आणि लोकांच्या मागणीवर अवलंबून राहणार. म्हणून काउंटरवर मागा. स्पॅनिश माहितीपत्रक आहे का, मुलांसाठीची ज्युनिअर रेंजर पुस्तिका स्पॅनिशमध्ये आहे का, दरवेळी विचारा, मिळालं नाही तर तिथल्या अभिप्रायाच्या कार्डावर लिहा. आम्ही लिहिलं.

बाकी किरकोळ: गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतात, कॅश घेत नाहीत. मूल चौथीत असेल तर अमेरिकेत राहणाऱ्यांना वर्षाचा फुकट पास मिळतो, २०२५ पर्यंत तो कागदावर प्रिंट काढून न्यावा लागायचा, फोनवरचा चालत नव्हता. मोठ्या गोतावळ्यासाठी ग्रुप साइट बघा, त्या कमी आहेत म्हणून तारीख उघडली की लगेच घ्या. लाकडाची शेकोटी पार्कात चालत नाही, कोळशावर साइटच्या ग्रिलमध्ये भाजता येतं, पण आगीची बंदी असेल तर तेही नाही, म्हणून गॅसची शेगडी न्याच. नेटवर्क जवळपास नाही, पार्क सर्व्हिसचं ॲप घरूनच ऑफलाइन डाउनलोड करा. चिसोस बेसिनमध्ये (पार्कातल्या डोंगरांमधला राहायचा भाग) मोठं बांधकाम ठरलेलं आहे, तो भाग बंद आहे का ते बघून मगच राहायचं ठरवा. पेट्रोल पँथर जंक्शनला मिळतं, तरी अल्पाइन किंवा मॅरेथॉनला टाकी भरून घ्या.