सायकलमागच्या ट्रॉलीसाठी स्प्रिंगचे चाक : आतापर्यंतची प्रगती

सायकलीमागे जोडायच्या ट्रॉलीची दोन्ही चाके आता पूर्णपणे स्प्रिंगांवर उभी आहेत. ज्वारीची पोती लादून ती तुळजापूर रस्त्याने हिप्परग्यापर्यंत आणि पुढे तलावाच्या कडेच्या कच्च्या वाटेवर चालवूनही झाली आहेत. आराखड्यात दरम्यान इतके बदल झाले, की हिशोब पहिल्यापासून मांडणेच सोयीचे होईल. ज्यांना असे चाक स्वतः करून पाहायचे आहे, त्यांना माझ्या मापांपेक्षा त्या मापांमागची कारणे अधिक उपयोगी पडतील.

हवेच्या टायरला पर्याय का हवा, हे सोलापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बांधावर सराटे पसरलेले असतात, वेड्या बाभळीचे काटे वाटेवर पडलेले असतात, आणि उन्हाळ्यात डांबर तापले की ट्यूबला लावलेले ठिगळ सुटू लागते. भरीव रबराचे टायर मिळतात, पण त्यांतून प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट आसाला बसतो, म्हणून ते मी आरंभीच बाजूला ठेवले.

स्प्रिंगच्या चाकाची कल्पना नवी नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवेच्या टायरचे पेटंट १८४५ मध्ये घेतले आणि जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये तो पुन्हा शोधून प्रचारात आणला. त्यानंतरही, विशेषतः मोटारगाड्यांच्या पहिल्या काही दशकांत, स्प्रिंगच्या चाकांची पेटंटे मोठ्या संख्येने घेतली जात होती, कारण तेव्हाचे टायर महाग होते आणि वारंवार फुटत. पहिल्या महायुद्धात जर्मनीला रबर मिळेनासे झाले, तेव्हा तेथील सायकलींना दोन धातूच्या कड्यांमध्ये लहान लहान स्प्रिंगा बसवलेल्या धावा लावल्या गेल्या. १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीची चाके जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेच्या जाळीची होती, त्यांवर टायटॅनियमच्या पट्ट्या होत्या, आणि जाळी प्रमाणाबाहेर दबू नये म्हणून आत टायटॅनियमचीच आणखी एक चौकट होती. ही आतली चौकट मला सर्वांत उपयोगी वाटली. तिचा उल्लेख पुढे येईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हवेचे टायर मऊ असते ते जमिनीला टेकते त्या जागी. खडा आला की रबर तेवढ्यापुरते आत जाते आणि रिमला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या चाकात मात्र बाहेरचे कडे ताठ आहे आणि मऊपणा आहे तो कडे व तुंबा (आसावर बसणारा चाकाचा मधला भाग) यांच्या मधल्या जागेत, त्यामुळे बोराएवढ्या खड्यावरसुद्धा संपूर्ण कडे उचलले जाते. रबरासह ते सुमारे अडीच किलोचे आहे, आणि स्प्रिंगांच्या खाली असल्यामुळे त्या अडीच किलोंचा धक्का रस्ता आणि कडे आपसांत सोसतात. स्प्रिंगच्या चाकांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप ती पुरेशी मऊ नसतात असा असतो; माझ्या मते त्यांचा मऊपणा पुरेसा असतो, पण चुकीच्या जागी असतो. हे मान्य करूनही कड्याच्या आतला आराखडा मी आधी पूर्ण केला, कारण तो हिशोबात बसतो आणि साध्या कारखान्यात तयार होतो.

प्रत्येक चाकावर येणारा भार मी ४० किलो, म्हणजे अंदाजे ४०० न्यूटन धरला आणि त्या भाराखाली आस ८ ते १० मिलिमीटर खाली यावा असे ठरवले. कडे २५ मिमीच्या चौकोनी पाइपाचे आहे. लोखंडी दारांच्या कमानी वळवणाऱ्या कारागिराने ते रोल करून दिले. त्याचा बाहेरचा व्यास ४२५ मिमी आहे आणि त्यावर कन्व्हेयर बेल्टचा १२ मिमी जाडीचा पट्टा बसवला आहे. मधल्या तुंब्याचा व्यास १२० मिमी असल्याने स्प्रिंगांना सुमारे १२८ मिमी जागा मिळते. दाबाखाली काम करणाऱ्या स्प्रिंगा एवढ्या लांबीत बाजूला वाकतात, म्हणून सायकलीच्या तारांप्रमाणे आधीच ताणलेल्या सहा स्प्रिंगा वापरल्या. भार आला की खालच्या स्प्रिंगेचा ताण कमी होतो, वरच्या स्प्रिंगेचा वाढतो आणि तुंबा वरच्या भागाला लटकून राहतो.

येथे भूमितीची एक सोय हाताशी येते. सारख्या ताठपणाच्या, म्हणजे एक मिमी लांबवायला सारखाच जोर लागणाऱ्या, तीन किंवा अधिक स्प्रिंगा सारख्या अंतराने बसवल्या, तर चाक कोणत्याही कोनात थांबले तरी त्याचा उभा ताठपणा तोच राहतो. स्प्रिंगांची संख्या n, एका स्प्रिंगेचा ताठपणा k, तिच्यातील ताण T आणि लांबी L असेल, तर चाकाचा ताठपणा n/२ गुणिले (k अधिक T/L) इतका येतो. चार मिमी जाडीची तार, २८ मिमी सरासरी व्यास आणि आठ वेढे घेतले, तर k सुमारे १४.४ न्यूटन प्रति मिमी निघतो. आरंभीचा ताण २९० न्यूटन ठेवल्यास T/L सुमारे २.३ होतो आणि सहा स्प्रिंगांच्या चाकाचा ताठपणा ५० न्यूटन प्रति मिमी भरतो. म्हणजे ४० किलोंखाली आस ८ मिमी खाली येतो.

ताणलेल्या स्प्रिंगा कधीही सैल पडता कामा नयेत, कारण सैल पडून पुन्हा ताणली जाणारी स्प्रिंग प्रत्येक फेरीत झटका खाते. २९० न्यूटनचा ताण २० मिमी हालचालीनंतर संपतो. म्हणून १८ मिमीवर रबराचे ठोकळे लावून हालचाल अडवली आहे. चांद्रगाडीच्या चाकातील आतली चौकट हेच काम करते.

स्प्रिंगा यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लेथवर गुंडाळून घेतल्या. त्यानंतर तारेतील आंतरिक ताण उतरवण्यासाठी त्या सुमारे २३० अंशांवर अर्धा तास ठेवाव्या लागतात. हे काम संध्याकाळचे पाव निघाल्यावर गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत झाले. भट्टीवाल्यांनी एकच अट घातली होती, की तेलाचा वास राहता कामा नये. ताणाच्या स्प्रिंगा सहसा टोकाच्या आकड्याशी तुटतात, कारण तेथे तार वाकवलेली असते आणि ताण एकवटतो. म्हणून आकडे ठेवलेच नाहीत. दोन्ही टोकांना आटे पाडलेल्या गुटक्या वेढ्यांत घट्ट फिरवून बसवल्या आणि उरलेली लांबी आट्यांच्या दांडीने भरून काढली. या दांडीचा नट फिरवून सायकलीच्या चाकाचा आउट काढतात तसाच याही चाकाचा काढता येतो.

धातूच्या थकव्याचा, म्हणजे वारंवार ताण बसून तार तुटण्याचा, हिशोब मात्र अंगावर येणारा आहे. बाहेरचा घेर १.४१ मीटर असल्याने किलोमीटरमागे सुमारे ७१० फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक स्प्रिंग एकदा पूर्ण ताणली व सोडली जाते. दहा लाख आवर्तने होण्यास साधारण १,४०० किलोमीटर पुरतात. रोज शेतात जाऊन येणाऱ्या माणसाचे एवढे अंतर वर्षाच्या आत सहज होते. मोटारीच्या सस्पेन्शनची स्प्रिंग खड्डा आला तरच मोठी हालचाल करते. चाकातली स्प्रिंग गुळगुळीत डांबरावरही करते. माझ्या मापांत तारेवरील कातरताण सरासरी ३९० मेगापास्कलच्या वरखाली १५५ ने बदलतो, जो चांगल्या स्प्रिंग तारेला झेपतो, पण भार दुप्पट केला तर झेपेलच असे मी म्हणणार नाही.

सर्वांत रंजक भाग उसळीचा ठरला. ८ मिमी दबणाऱ्या चाकावर ४० किलो वजन सेकंदाला सुमारे ५.६ वेळा वरखाली होऊ पाहते. सहा स्प्रिंगांचा ताठपणा तंतोतंत सारखा नसेल, तर चाकाचा ताठपणा एका फेरीत दोनदा कमीजास्त होतो. ताशी १४ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला २.८ फेऱ्या घेते, म्हणजे हा बदलही सेकंदाला ५.६ वेळा होतो आणि दोन्ही लयी एकमेकींत मिसळतात. सायकलीचा सर्वसाधारण वेगही हाच आहे. तारेच्या जाडीत चार मिमीऐवजी ३.९५ मिमी इतका फरक पडला तरी ताठपणा पाच टक्क्यांनी घटतो, कारण जाडीचा चौथा घात सूत्रात येतो. त्यामुळे लेथवर गुंडाळलेल्या स्प्रिंगा सारख्या निघण्याची अपेक्षाच धरू नये.

यावर उपाय असा, की प्रत्येक स्प्रिंगेला ठराविक वजन टांगून तिचे लांबणे मोजावे आणि सर्वांत ताठ स्प्रिंगेच्या बरोबर समोर सर्वांत मऊ स्प्रिंग लावावी. सहा स्प्रिंगांच्या समोरासमोरच्या तीन जोड्या होतात. तिन्ही जोड्यांची बेरीज सारखी आली, की फेरीत दोनदा होणारा बदल नाहीसा होतो. तपासण्यासाठी मुद्दाम एक चाक कशीही निवडलेल्या स्प्रिंगांचे ठेवले आणि दुसरे जोड्या लावून बांधले. ट्रॉली डांबरावर त्या वेगाला आणताच पहिल्या चाकाच्या बाजूची पोती स्पष्ट नाचू लागली आणि दुसऱ्या बाजूची जवळजवळ स्थिर राहिली. आता दोन्ही चाके जोड्या लावून बांधली आहेत.

पोलादी स्प्रिंगेत उसळी शोषून घेण्याची ताकद फारच थोडी असते. ते काम सध्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या तबकड्या करतात. त्यांचा मूळ उद्देश वेगळा आहे. एका प्रतलातल्या स्प्रिंगा बाजूच्या जोराला जवळजवळ काहीच विरोध करत नाहीत, म्हणून वळणावर कडे तिरके होऊ नये यासाठी ते दोन तबकड्यांच्या मध्ये नायलॉनच्या गुटक्यांवर सरकते ठेवले आहे. या घर्षणाची किंमतही मोजली. तुंब्यावरून पाहिले तर कडे प्रत्येक फेरीत ८ मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढते, म्हणजे गुटक्या सुमारे ५० मिमी घासतात. घर्षण ५० न्यूटन धरले, तर फेरीमागे अडीच ज्यूल खर्च होतात आणि ओढताना पावणेदोन न्यूटनांचा विरोध जाणवतो. ४० किलोंच्या भारावर हवेच्या चांगल्या टायरचा विरोधही साधारण एवढाच किंवा थोडा अधिक असतो, त्यामुळे हा खर्च मला मान्य आहे.

जे मान्य होण्यासारखे नव्हते ते पावसानंतर दिसले. काळी माती तबकड्यांच्या फटीतून आत गेली, स्प्रिंगांच्या वेढ्यांत भरली आणि वाळल्यावर चाक भरीव झाल्यासारखे वागू लागले. खराट्याच्या काडीने ती काढावी लागली. आता तबकडीच्या काठापासून कड्यापर्यंत ताडपत्रीची सैल झालर शिवून घेतली आहे. तिला १८ मिमी हालचाल पुरेल एवढी चुणी ठेवली आहे. कोरड्या धुळीला ती अडवते. चिखलाला किती अडवते हे पुढच्या पावसाळ्यातच कळेल. नुसत्या ओल्या मातीत चाक रुतण्याचा प्रश्न झालरीने सुटणारही नाही. ४० पौंड दाबाचे हवेचे टायर ४०० न्यूटनांखाली सुमारे १४ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. माझा ताठ कड्यावरचा पट्टा त्याहून बराच कमी टेकतो.

म्हणून पुढचा आराखडा बाहेरचे कडेच लवचीक करण्याचा आहे. दीड मिमी जाडीच्या स्प्रिंग पोलादाची धाव करून ती जमिनीशी सपाट होऊ द्यावी, असा सोपा विचार आधी मनात येतो. पण २१२ मिमी त्रिज्येची दीड मिमी पट्टी सपाट झाली, की पृष्ठभाग लांबीने ०.३५ टक्के ताणला जातो, म्हणजे त्यावर सुमारे ७०० मेगापास्कल ताण येतो, आणि तोही दर फेरीला. पोलाद हे फार काळ सोसणार नाही. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राने स्प्रिंगच्या टायरसाठी पोलादाऐवजी निकेल आणि टायटॅनियमच्या आकारस्मृती मिश्रधातूकडे वळण्याचे कारण हेच आहे. तो मिश्रधातू काही टक्के ताणूनही पूर्ववत होतो. तो आपल्या आवाक्यात नाही. मिशेलिनने २००५ मध्ये दाखवलेल्या ट्वील या बिनहवेच्या चाकामधली युक्ती मात्र आवाक्यात आहे. तिच्यात न ताणणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये रबराचा थर असतो आणि वाकण्याचे काम तो थर सरकून करतो.

त्याच धर्तीवर ०.८ मिमीच्या तीन पट्ट्या, मध्ये रबराचे दोन थर आणि सहाऐवजी चोवीस बारीक स्प्रिंगा असा हिशोब मांडून झाला आहे. प्रत्येक पट्टीवरचा ताण ३८० मेगापास्कलच्या आसपास येतो. अडचण पट्टीची टोके जोडण्याची आहे. वेल्डिंग केल्यास तेथील पाणी उतरते आणि पट्टी मऊ पडते. एकावर एक टोक ठेवून रिव्हेट मारल्यास तेवढी जागा ताठ राहते आणि दर फेरीला एक ठोका बसतो. तिन्ही पट्ट्यांचे जोड एकमेकांपासून १२० अंशांवर ठेवून रिव्हेटऐवजी टोकांवरचा भार रबराच्या थराकडूनच वाहून न्यावा, असे सध्या ठरवले आहे. त्यासाठी रबर पट्टीला किती लांबीवर चिकटले पाहिजे, हे पाहण्यासाठी वेगवेगळ्या लांबीचे नमुने व्हल्कनायझिंगला दिले आहेत, आणि ते आल्यावर पहिली चाचणी चाकावर न घेता वजनकाट्याला लटकवून घेणार आहे.