पोटात इंजिन

टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट, सेट करायला गाडीखाली पाठीवर झोपलं की तेलाचा पहिला मान कोपराचा. व्हॉल्व्हच्या झाकणावर एक जाड तारेची कडी असते. ती स्क्रूड्रायव्हरने खाली ढकलायची, की झाकण सुटतं आणि आत साठलेलं तेल खाली परात ठेवलेली असूनही नेमकं बाहीत शिरतं. शनिवारची दुपार, कॅलिफोर्नियातलं गॅरेज आणि १९७१ची पोर्श ९१४. घरात तिला ‘डबडं’ म्हणतात.

हिचं इंजिन पोटात आहे. सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. वजन मधोमध आलं की गाडी वळणावर कशी लोण्यासारखी फिरते, हे चालवणारा सांगेल. पाना धरणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही. पुढे डिक्की, मागे डिक्की आणि मध्ये एक अरुंद जाळीचं झाकण. त्यातून एक हात आत जातो, पण दुसरा घातला की काहीच दिसत नाही. बॉनेट उघडून, कंबरेवर हात ठेवून, चार जणांनी चार मतं द्यायची सोयच नाही.

पोर्श म्हणायचं, पण १.७ लिटरचं, ८० अश्वशक्तीचं इंजिन फोक्सवॅगनचं आणि बॉडी कारमान कंपनीची. फेरी पोर्श आणि फोक्सवॅगनचे हाइन्झ नॉर्डहॉफ यांची या गाडीची बोलणी तोंडी झालेली. याद्या झाल्याच नाहीत. १९६८मध्ये नॉर्डहॉफ गेले, नवे साहेब कुर्ट लोट्झ यांनी हिशोब मांडला आणि सोयरीक कडू झाली. तरी १९६९मध्ये गाडी आली आणि १९७६पर्यंत टिकली.

तर टॅपेट. इंजिन थंडगार हवं. ते फिरवायचं तर पंखा सीटमागच्या पत्र्याला चिकटलेला, तिथे हात पोचत नाही. मग एक मागचं चाक उचलायचं, पाचवा गिअर टाकायचा आणि चाकच हाताने हळूहळू फिरवायचं. इंजिन निमूट मागोमाग फिरतं. इनलेट व्हॉल्व्हला ०.१५ मिलिमीटरची फट, एक्झॉस्टला ०.२०ची. फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पात फटीत सरकवायची. सैल नको, अडकायलाही नको. ओढताना जरा कुरकुरली पाहिजे. मग चेक नट आवळायचा. तो आवळताना स्क्रू केसभर हलतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

भाच्याने मोबाइलला जोडायचा एक लवचीक कॅमेरा आणून दिला होता. ड्रॉवरमध्ये आहे. मला तो आवडत नाही. दिसायला लागलं की बोटं आळशी होतात, असं माझं ठाम मत आहे आणि त्याला काहीही आधार नाही.

असलाच तर सांगलीतला. बाबांची बजाज पावसाळ्यात रुसायची. आधी स्कूटर आडवी करून बघायची, मग बाजूचं पॅनेल काढून प्लगपाना. काळा पडलेला प्लग पॉलिश पेपरने घासायचं काम माझं, गॅप बघायचं त्यांचं, दाढीच्या जुन्या पात्याने. आणि प्लग परत बसवताना ते कधीच तिकडे बघत नसत. नजर फाटकाशी उभ्या शेजारच्या काकांकडे, विषय वाढलेलं वीजबिल आणि बोटं आपली फिरताहेत. पहिले दोन-तीन आटे बोटांनीच. पाना नंतर. मी मधेच पाना पुढे केला की म्हणायचे, “थांब रे, आटा गेला तर हेड गेलं.”

डबड्याच्या प्लगपाशी तर बोटंही पुरत नाहीत. जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर घालायचा आणि नळी फिरवायची. आटा तिरका लागला तर नळी प्लगवरच घसरते, जोर करतच नाही. बाबांना हे दाखवायला हवं होतं.

एका कोपऱ्यात मात्र मी हात घालत नाही. इंजिनच्या उजव्या बाजूला बॅटरी असते. तिचं ॲसिड वर्षानुवर्षं झिरपून खालचा पत्रा खातं आणि त्याच पत्र्यावर गाडीचा कणा उभा असतो. तो गेला की गाडी मधोमध बसते, दारं घासायला लागतात. या गाड्या बहुधा अशाच संपतात. वरून रंग शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला तरच कळतं.

दारं अजून नीट लागतात. मी टोचून बघत नाही.