हाडातला पू: आधी नमुना, मग औषध

हाडाच्या ओपीडीत येण्याआधी बहुतेक मुलं दोन ठिकाणी जाऊन आलेली असतात. 'पडला असेल, मुका मार असेल' म्हणून कुठे मालिश झालेली असते, कुठे तापावर अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. मालिशीने दुखणं वाढतं आणि वेळ जातो. अर्धवट अँटिबायोटिकने जंतू मरत नाही, पण कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या चाचणीत, वाढतही नाही. मग पुढचे तीन आठवडे औषध अंदाजाने द्यावं लागतं.

ताप आहे आणि मूल पाय टेकत नाही, एवढं दिसलं की माझ्या डोक्यात हाडाचा जंतुसंसर्ग पहिला येतो. मूल आईच्या मांडीवरच असू द्यावं आणि आधी चांगला पाय तपासावा. मग दुखऱ्या पायावर एकाच बोटाने, मांडीच्या मध्यापासून खाली हलकं दाबत यावं. गुडघ्याच्या जरा वर ठरावीक जागी मूल दचकून पाय ओढून घेतं. दुसऱ्यांदा दाबलं तरी तीच जागा निघते. मुलांमध्ये जंतू रक्तातून येऊन वाढपट्टीजवळ (हाडाच्या टोकाशी, जिथून हाड लांबीला वाढतं) बसतो, मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक या त्याच्या आवडत्या जागा. सांधा जराही हलवू देत नसेल तर पू सांध्यात आहे असं धरून चालतो. खुब्याच्या बाबतीत ती रात्र थांबायचीही सोय नसते.

एक्स-रे काढतोच, पण तो फ्रॅक्चर किंवा गाठ नाही ना हे पाहायला. पहिले दहा दिवस हाडात काही दिसत नाही आणि 'एक्स-रे नॉर्मल' या दोन शब्दांवर मुलं घरी पाठवली जातात. खरं उत्तर एमआरआय देतो. सीआरपी आणि ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. सीआरपी काही तासांत चढतो आणि उपचार लागू पडले की भराभर उतरतो. ईएसआर मात्र तीन-चार आठवडे रेंगाळतो, म्हणून रोजची प्रगती त्यावर मोजू नये.

अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर घेतोच. पू असेल तर जाड सुईने खेचतो आणि थोडा थेट कल्चरच्या बाटलीत सोडतो. चार वर्षांखालच्या मुलांत किंगेला नावाचा जंतू असतो, तो लॅबच्या साध्या प्लेटवर सहसा उगवत नाही. मूल गळून गेलं असेल तर मात्र रक्त घ्यायचं आणि लगेच औषध सुरू करायचं, एमआरआयची वाट पाहायची नाही. गडचिरोली-नंदुरबारकडचं मूल असेल तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची चौकशी हवी, कारण तो असलेल्या मुलांत साल्मोनेला हा जंतूही सापडतो.

एरवी गुन्हेगार बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस. सेफाझोलिन किलोमागे रोज 100 ते 150 मिलिग्रॅम, म्हणजे 15 किलोच्या मुलाला दर आठ तासांनी 500 ते 750. एमआरएसएचा, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसचा, संशय असेल तर औषध बदलतं. रिपोर्टमध्ये क्लिंडामायसिन चालेल पण एरिथ्रोमायसिन चालणार नाही असं असेल, तर लॅबला डी-टेस्ट (जंतू पुढे क्लिंडामायसिनलाही दाद देईनासा होईल का, हे पाहणारी चाचणी) विचारल्याशिवाय क्लिंडामायसिन लिहीत नाही. ताप गेला, सीआरपी निम्म्यावर आला की तीन-चार दिवसांत तोंडी औषधावर आणतो. गुंतागुंत नसेल तर एकूण तीन आठवडे पुरतात. दोन-तीन दिवसांत सीआरपी हलला नाही, तर औषध बदलण्याआधी कुठे पू उरलाय का ते शोधावं.

तोंडी डोस नेहमीपेक्षा बराच मोठा असतो. सेफालेक्सिन किलोमागे रोज 100 मिलिग्रॅम. 5 मिलीत 250 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर त्याच 15 किलोच्या मुलाला 10 मिली तीनदा. म्हणजे 30 मिलीची बाटली एका दिवसात संपते. हे आधी सांगितलं नाही, तर घरी ती बाटली पुरवून पुरवून चार दिवस वापरतात आणि ताप परत येतो. वाढपट्टीला इजा झाली असेल तर पाय आखूड किंवा वाकडा व्हायला वेळ लागतो, म्हणून किमान वर्षभर बोलावतो.

मोठ्यांचं गणित उलटं. अपघातानंतर प्लेट बसवलेली, महिनोन्‌महिने वाहणारी जखम, किंवा मधुमेहाच्या पायावरचा व्रण, ज्यात सळई घातली की टणक हाड लागतं. इथे घाई नसते. रुग्ण स्थिर असेल तर अँटिबायोटिक दोन आठवडे बंद ठेवून मगच नमुना घेतो. जखमेच्या तोंडावरचा स्वॅब फसवतो, वर एक जंतू आणि हाडात दुसराच. ऑपरेशनमध्ये खोलवरचे पाच तुकडे, प्रत्येकाला नवं हत्यार, वेगळी डबी. सर्वांत जास्त घोळ थिएटरच्या दारात होतो: कोणीतरी सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकतं. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, कल्चर संपलं. बायोप्सीचा तुकडा तेवढा फॉर्मॅलिनमध्ये; कल्चर आणि सीबीनॅटचे (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) निर्जंतुक डबीत, थोड्या सलाइनसह. मणक्यात तर टीबी नाही हे ठरेपर्यंत रिफॅम्पिसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन देत नाही, दोन्हींमुळे टीबी अर्धवट दबतो.

मेलेल्या हाडाला रक्तपुरवठा नसतो, तिथे औषध पोहोचतच नाही. रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत ते खरवडावं लागतं. पोकळीत व्हॅन्कोमायसिन मिसळलेल्या बोन सिमेंटचे मणी भरतो. पुढे साधारण सहा आठवडे औषध. ते शिरेतूनच हवं हा समज 2019 मधल्या ब्रिटनच्या ओव्हिवा चाचणीने मोडला: योग्य औषध निवडलं तर तोंडी उपचारही तितकाच चालतो. रिफॅम्पिसिन एकटं कधीच नाही, काही दिवसांतच जंतूत प्रतिकार तयार होतो. लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे चाललं तर दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), कारण प्लेटलेट घसरतात. आणि हाता-पायांना मुंग्या येऊ लागल्या तर फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका, असं फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून देतो.