५६ ठोके

मंगळवार

आज नियमांची कागदपत्रं पुन्हा वाचायला घेतली. मी जिची तयारी करतेय त्या मंगोल डर्बी या घोड्यांच्या शर्यतीचे मोठे आकडे आता तोंडपाठ झालेत. मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातून १००० किलोमीटर, जास्तीत जास्त १० दिवस, दर ३५ ते ४० किलोमीटरला नवा घोडा, कपड्यांसकट स्वाराचं वजन ८५ किलोच्या आत आणि सोबत सामान फक्त ५ किलो. कुणालाही सांगितलं की ते १००० हा आकडा ऐकून थक्क होतात. माझं बोट मात्र दर वेळी एका लहान आकड्यावर येऊन थांबतं. टप्प्यावर पोचल्यापासून अर्ध्या तासात घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ५६ किंवा त्याखाली यायला हवेत. पशुवैद्य स्टेथोस्कोप लावून ते मोजतात. घोडा लंगडतोय का, अंगातलं पाणी कमी झालंय का, आतड्यांचा आवाज येतोय ना, हेही बघतात. ठोके वेळेत उतरले नाहीत तर दंड स्वाराला. मागचे सगळे पुढे निघून जातात आणि आपण जागेवर थांबून राहायचं.

२०१३ साली तर या नियमानेच निकाल फिरवला. शेवटची रेघ सगळ्यांत आधी ओलांडलेल्या स्वाराच्या घोड्याचे ठोके वेळेत उतरले नाहीत, तिला वेळेचा दंड बसला आणि मागून आलेली १९ वर्षांची लारा प्रायर-पामर विजेती ठरली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली बाई, आणि वयाने सगळ्यांत लहान. पुढे २०१९ मध्ये बॉब लाँग या गृहस्थांनी वयाच्या ७० व्या वर्षी ती जिंकली. १९ आणि ७० ही वयं शेजारी शेजारी ठेवली की मला धीर येतो. नुसत्या ताकदीवर ही शर्यत कुणी जिंकत नाही, एवढं तरी त्यावरून नक्की कळतं.

गुरुवार

पहाटे घोडेस्वारी शिकवणाऱ्या सरांनी पुन्हा वेगळी घोडी दिली. मीच त्यांना सांगून ठेवलंय की मला रोज एकच घोडा देऊ नका. ओळखीच्या घोड्यावर माझी मांड पक्की आहे, पण त्याचा तिथे काय उपयोग? सहनशक्तीच्या इतर बहुतेक शर्यतींत स्वार आणि घोडा वर्षानुवर्षं एकत्र तयारी करतात. इथे पंचविसाच्या वर घोडे बदलायचे, आणि त्यातला एकही आपण आधी पाहिलेला नसतो. ओळीने बांधलेल्या घोड्यांतून काही मिनिटांत एक निवडायचा, खोगीर चढवायचं आणि निघायचं. तो भडकतो का, डावीकडे ओढतो का, कळप सोडून एकटा जायला तयार होतो का, हे सगळं पुढच्या तीन-चार तासांत समजणार.

म्हणून इथे ज्या घोड्यांना बाकीचे नको म्हणतात, ते मी मागून घेते. आजची घोडी रिकिबीत पाय टाकल्याबरोबर चालायला लागते. वर बसेपर्यंत ती चार पावलं पुढे गेलेली असते. मंगोलियातले घोडे तर अर्धे रानटीच. बारा महिने उघड्यावर, कळपात राहणारे, थंडीत बर्फ खुराने उकरून गवत खाणारे. उंचीला लहान, साधारण १२ ते १४ हात (घोड्यांच्या मापात एक हात म्हणजे चार इंच), पण अंगात जबरदस्त रग. त्यांच्यावर चढताना पहिली पाच मिनिटंच सगळ्यांत अवघड असतात, असं जाऊन आलेल्यांकडून ऐकलंय. तेव्हा चढणं, उतरणं आणि पुन्हा चढणं हाच आजचा धडा होता. सर शांतपणे एवढंच म्हणाले, "घाई तुझ्या हातात दिसतेय, तीच तिच्या अंगात जातेय." मग मी लगाम सैल धरून, तिच्या मानेला हात लावून नुसती उभी राहिले. पुढच्या वेळी ती एकच पाऊल चालली.

शुक्रवार

आजचं सविस्तर लिहून ठेवते, कारण मला हेच शिकायचं होतं.

रपेट संपवताना शेवटच्या चढावर मुद्दाम कँटर, म्हणजे मध्यम वेगाची दौड, केला आणि थेट तबेल्याच्या दाराशी येऊन थांबले. तबेल्यातले काका स्टेथोस्कोप घेऊन तयारच होते. डाव्या कोपरामागे, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, जिथे बसतो त्याच्या जरा वर ते लावायचं. पहिल्यांदा ऐकताना नवखा माणूस हमखास दुप्पट मोजतो, कारण प्रत्येक ठोक्याचे दोन आवाज येतात, आणि दोन मिळून एक धरायचा असतो. पंधरा सेकंदांत एकवीस आले. म्हणजे मिनिटाला ८४. स्वस्थ उभ्या घोड्याचे ठोके साधारण २८ ते ४४ असतात.

मग काकांनी क्रमाने करून दाखवलं. आधी तंग सैल. मग खोगीर खाली. गळ्यावर, छातीवर आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला पाणी, तिथे शिरा कातडीच्या अगदी जवळ असतात. अंगावर ओतलेलं पाणी लगेच गरम होतं, म्हणून ते निपटून काढून पुन्हा ओतायचं. तोंड खाली सोडू द्यायचं. घोडा मान टाकून उभा राहिला की त्याचा श्वास लांब होतो, हे आज मी स्वतः पाहिलं. नाकपुड्या आधी फुललेल्या होत्या, मग हळूहळू त्यांची हालचाल दिसेनाशी झाली. पंधरा सेकंदांत सतरा. थोड्या वेळाने पंधरा.

तेवढ्यात तिच्या जोडीचा घोडा बाहेर नेला गेला. घोडीने मान वर केली, खिंकाळली, आणि पंधरा सेकंदांत पुन्हा अठरा. दमणूक तेवढीच, ऊन तेवढंच, फक्त सोबती नजरेआड झाला. काका म्हणाले, "ताई, जीव घाबरला की काळीज धावतंच. घोडं असो नाहीतर माणूस." त्यांनी तिला वळवून दुसऱ्या घोड्याशेजारी उभं केलं, मानेवरून हात फिरवत राहिले. थोड्याच वेळात चौदा. चौदा चोक छप्पन्न.

तिथेच माझ्या डोक्यातली शर्यतीची सगळी आखणी बदलली. टप्पा दिसू लागला की भरधाव सुटायचा मोह होणार, घोड्यालाही आणि मलाही. पण त्या शेवटच्या दौडीत जी काही मिनिटं मिळतील, ती ठोके उतरायची वाट बघण्यात परत जाणार, वर घोड्याला त्रास तो वेगळाच. त्यापेक्षा शेवटचा एखादा किलोमीटर खाली उतरून, तंग सैल करून त्याच्याबरोबर पायी चालायचं. घोडा चालता चालताच निवतो. माझ्या रोजच्या व्यायामात आता पळणंही आलं ते यासाठीच. दिवसभर खोगिरात बसल्यावर पाय आखडतात, आणि तसल्या पायांनी रायडिंगचे बूट घालून खाचखळग्यांतून घोड्याबरोबर चालता आलं पाहिजे.

शनिवार

मांड्या आणि पोटऱ्या भरून आल्यात. मंगोल स्वार दुडक्या चालीत रिकिबीत उभेच राहतात, खोगिरात आपटत नाहीत. सर माझ्याकडून तेच करून घेतायत: आधी थोडा वेळ उभं, मग आणखी थोडा, मग चढ-उतारावर. स्वार दमला की त्याचं वजन घोड्याच्या पाठीवर आदळायला लागतं, एका बाजूला कलतं आणि पाठ सोलवटते. माझे पाय टिकले तर त्याची पाठ टिकणार. गुडघ्याच्या आतली कातडी घासली जाते तिथे टेप लावून बघितली, शिवण बाहेरच्या बाजूला असलेली ब्रीचेस, म्हणजे स्वारीची घट्ट विजार, चालली.

दुपारी सामान मांडलं. ५ किलो म्हणजे फार थोडं. स्लीपिंग बॅग आणि रेनकोट यांतच निम्मं संपतं. ऑगस्टमध्ये तिथे दिवसा कडक ऊन, मधेच गारांचा पाऊस आणि रात्री चांगलीच थंडी, त्यामुळे या दोन्हींना हात लावता येत नाही. टूथब्रशपासून सगळं तोलून झालं. एक गोष्ट पक्की ठरवली: ज्याच्यावाचून जीव अडेल ते खोगिराच्या पिशवीत ठेवायचंच नाही. मी पडले आणि घोडा पळाला तर पिशवी त्याच्याबरोबर जाणार, आणि उघड्या माळावर मी एकटी. जीपीएस, मदत मागायचं बटण असलेला ट्रॅकर, पासपोर्ट, औषधं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, हे सगळं अंगावरच्या जाकिटात.

आई शेजारी बसून बघत होती. तिने विचारलं, "अगं, पण पडलीस तर उचलायला कोण आहे तिथे?" मी ट्रॅकर दाखवला, बटण दाबलं की मदतीची गाडी आणि डॉक्टर येतात हे सांगितलं. यायला वेळ लागू शकतो हेही सांगितलं. तिच्यापासून लपवून ठेवून मला जायचं नाहीये. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी मोज्यांचा एक लोकरी जोड आणून तराजूवर ठेवला. तो सामानात राहणार.

रविवार

आज घोड्यांना सुट्टी, म्हणून रस्ता शोधण्याचा सराव केला. मार्ग दर वर्षी बदलतो आणि शर्यत अगदी तोंडावर येईपर्यंत गुप्त ठेवतात. वाटेवर खुणा नसतात. जीपीएस पुढच्या टप्प्याकडे सरळ रेघ दाखवतो, पण त्या रेघेत डोंगर येतो, नदी येते, दलदल येते. जवळचा रस्ता कोणता आणि घोड्याला सोपा कोणता, हे स्वाराने ठरवायचं. मी नकाशावर उंचीच्या रेषा वाचून अंदाज बांधते, मग प्रत्यक्ष चालून बघते. वळसा घालून गेलेली वाट बहुतेक वेळा वेळेतही बरी पडते. मार्मोट या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या बिळांचं मात्र नकाशात काही दिसत नाही. गवतात लपलेल्या त्या बिळात पाय गेला तर घोडा कोलमडतो. तिथल्या घोड्यांना ती आपल्यापेक्षा आधी दिसतात, म्हणून अशा जागी लगाम सैल सोडून पाय कुठे टाकायचा ते त्यालाच ठरवू द्यायचं. इतकी वर्षं लगामावर ताबा ठेवायला शिकले, आता सोडायला शिकतेय, आणि ते जास्त कठीण जातंय.

दिवसातल्या ठरलेल्या वेळातच घोडा पळवता येतो. संध्याकाळी दोन टप्प्यांच्या मधे असलो तर जवळच्या एखाद्या घरी आसरा मागायचा, नाहीतर घोड्याला पायबंद घालून माळावरच झोपायचं. म्हणून पायबंद घालायचा सरावही चालू आहे, अंधारात, बोटं गारठलेली असताना जमेल इतका. तिथल्या गेरपाशी, म्हणजे लोकरीच्या गोल तंबूपाशी, जाताना लांबूनच "नोखोइ खोर" अशी हाक द्यायची रीत आहे. कुत्रा आवरा, असा त्याचा अर्थ. कुत्री खरोखरच आवरावी लागतात, त्यासाठीच रेबीजच्या लशीही घेतेय.

रात्री जुना इतिहास वाचत बसले. ही टप्प्यांची कल्पना शर्यतीसाठी कुणी नव्याने काढलेली नाही. चंगीज खानाच्या काळापासून मंगोल साम्राज्याचे निरोपे असेच ठाण्याठाण्यावर घोडे बदलत धावत. त्याचा मुलगा ओगदेई याने १२३४ मध्ये ती व्यवस्था पक्की बांधून दिली, आणि त्या ठाण्यांना ओर्तो म्हणत. मंगोल डर्बी २००९ पासून त्याच पद्धतीने होते. आजही प्रत्येक टप्प्यावर पशुपालकांची कुटुंबं आपले घोडे घेऊन थांबलेली असतात. मला हे सारखं आठवत राहतं. मी ज्याच्यावर तीन-चार तास बसणार, तो कुणाच्या तरी घरचा घोडा आहे. शर्यत संपली की मी विमानात बसून परत येणार, आणि तो मात्र आपल्या कळपात जाणार, त्याच्यावर बसून कुणीतरी मेंढरं वळणार, हिवाळा त्याला काढायचाय. माझ्या चार मिनिटांच्या घाईसाठी त्याचा पाय अधू करायचा मला काय अधिकार?

तेव्हा क्रमांकाची भाषा मी आता सोडून दिली आहे. शेवटपर्यंत पोचायचंय, तेवढं मनापासून हवं आहे, आणि एकाही टप्प्यावर ठोक्यांसाठी दंड नको. हे दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे, हे मला माहीत आहे.

सरांशी बोलणं झालंय. उद्यापासून पहाटेऐवजी भर दुपारी रपेट, कारण गार हवेत ठोके आपोआप उतरतात आणि त्यातून फारसं काही कळत नाही. काकांनी स्टेथोस्कोप माझ्याकडेच देऊन ठेवलाय. बुधवारी लशीचा पुढचा डोस आहे, त्या दिवशी फक्त चालणं.